किड्यांचे मास्तर

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत मराठी हा मार्कांपुरता विषय होता. त्यामुळे मराठी विभागात लेख देणार म्हटल्यावर आमचा सगळा ग्रुप हसला. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय, त्याच्यापर्यंत मी आजोबांच्या एका मराठी प्रश्नामुळे पोचले. म्हणून हे मराठीतच लिहिणं भाग आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात!

सुरुवात जरा लाजिरवाणी आहे. गेल्या वर्षी मी वाय.डी. झाले. सेकंड इयर मेकॅनिकल, विषय राहिले, वर्ष गेलं. मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या आणि मी घरी. आई-बाबा काही बोलत नव्हते, पण त्यांचं ते न बोलणंच जास्त लागायचं. शेवटी डिसेंबरात मी बॅग भरली आणि सिंधुदुर्गात आजोबांच्या आंब्याच्या बागेत जाऊन राहिले.

कलमांना मोहोर येत होता. करायला काहीच नव्हतं, म्हणून मी मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून फोटो काढायला लागले. मोहोरावरच्या माश्या, गडग्याच्या कडेची रानफुलं, पानाखालचे किडे. फोटो ॲपमध्ये टाकला की दोन सेकंदांत नाव! पंधरा दिवसांत माझ्याकडे तीनशेच्या वर फोटो आणि शंभरेक नावं जमली. रोज संध्याकाळी खळ्यात बसून मी ती यादी आजोबांना दाखवायचे, सबमिशनला जर्नल दाखवावं तशी. ॲप ज्याला ट्रायडॅक्स म्हणायचं त्याला आजोबा एकदांडी म्हणायचे. बाकी फक्त ऐकून घ्यायचे.

एक दिवस पंपाच्या खोलीच्या चिऱ्याच्या भिंतीवर मला एक छोटंसं मातीचं मडकं दिसलं. अगदी बोराएवढं, वर निमुळती मान. कुंभारीण, म्हणजे मडकं करणारी गांधीलमाशी, त्यात एकेक हिरवी अळी आणून भरत होती. मी धडाधड वीस फोटो काढले, नाव शोधलं, यादीत एक नंबर वाढवला. संध्याकाळी आजोबांनी फोटो बघून विचारलं, की बाये, त्या अळ्या मेलेल्या आहेत की जिवंत? मेलेल्या असतील तर मडक्यात कुजत कशा नाहीत, आणि जिवंत असतील तर पळून कशा जात नाहीत?

मला उत्तर येईना. ॲपलाही येईना. दुसऱ्या दिवशी मी हेअरपिनने ते मडकं फोडलं. आत पाच अळ्या होत्या, मेल्यासारख्या. पण गवताच्या काडीने डिवचलं तर एक अगदी जराशी हलली. ना मेलेली, ना जिवंत! त्या रात्री शोधता शोधता कळलं, की अगदी हाच प्रश्न १८५० च्या दशकात फ्रान्समधल्या एका शाळामास्तरांना पडला होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर काढलं होतं. त्यांचं नाव झाँ आंरी फाब्र.

फाब्रांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सें-लेओं या डोंगराळ खेड्यात झाला. घरची परिस्थिती अगदी बेताची. त्यामुळे लहानपणीची काही वर्षं ते आजी-आजोबांच्या शेतावर वाढले. त्या घरात पुस्तक नव्हतं, प्राण्यांचा वगैरे नाद कोणालाच नव्हता. तरी पाच-सहा वर्षांच्या या पोराने एक प्रयोग केला. हात मागे बांधून उन्हात उभा राहिला आणि आपल्याला ऊन नेमकं कशाने दिसतं, तोंडाने की डोळ्यांनी, हे तपासू लागला. तोंड उघडून डोळे मिटले, ऊन गायब. डोळे उघडून तोंड मिटलं, ऊन परत आलं. पुन्हा करून बघितलं, उत्तर तेच. रात्री मोठ्या ऐटीत घरच्यांना सांगितलं तर सगळे खो खो हसले. मला मात्र वाटतं, की आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एम, अपॅरेटस, ऑब्झर्व्हेशन, रिझल्ट असं जे आपण कॉपी करून उतरवतो, ते सगळं या एका प्रयोगात आलं.

गावची शाळा म्हणजे एक खोली. तिथले मास्तर केस कापायचे, चर्चची घंटा वाजवायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. घरी बोलायची भाषा ऑक्सितान, फ्रेंच शाळेतली. फाब्र दहा वर्षांचे असताना वडिलांनी रोदेझ या शहरात कॅफे टाकला. तिथल्या शाळेत फी माफ व्हावी म्हणून फाब्र चर्चच्या प्रार्थनेत सेवा करायचे. पण वडिलांचा धंदा काही चालेना. एका गावातून दुसऱ्या गावात असं करत कुटुंब विखुरलं आणि शाळा सुटली. मग जत्रेत लिंबं विकणं, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी करणं, असे दिवस निघाले. अशा परिस्थितीत त्यांनी आव्हिन्यों शहरातल्या शिक्षक प्रशिक्षण शाळेच्या स्पर्धा परीक्षेला बसून शिष्यवृत्ती मिळवली. तिथे जेवणाची आणि झोपायची सोय होती, हेच त्यांच्यासाठी मोठं होतं. १८४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते कार्पांत्रा गावात प्राथमिक शिक्षक झाले. पगार वर्षाला ७०० फ्रँक.

इथे एक गंमत झाली. मुलांना जमीन मोजायला, म्हणजे आपल्या भाषेत सर्व्हे करायला, ते उघड्या माळावर न्यायचे. पण मुलं खांब रोवायचं सोडून मध्येच दगडांपाशी बसायची आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखायची. मास्तरांनी जवळ जाऊन बघितलं तर दगडांवर एका काळ्या मोठ्या माशीने मातीची घरटी बांधलेली, आणि पोरं त्यातला मध चोखतायत! मास्तरांनी स्वतःही चोखून बघितला. त्या गवंडी माशीबद्दल जाणून घ्यायला त्यांनी किड्यांवरचा एक मोठा ग्रंथ विकत घेतला, आणि त्याच्या किमतीत महिन्याचा पगार संपला. घरी काय झालं असेल याची कल्पना करा.

पण लगेच किड्यांचं काम सुरू झालं असं नाही. ते गणित आणि भौतिकशास्त्राच्या मागे लागले. ना कॉलेज, ना क्लास. शाळा सुटल्यावर रात्री एकट्याने अभ्यास करून त्यांनी दोन्ही विषयांत पदव्या मिळवल्या. १८४९ मध्ये कॉर्सिका बेटावर आजाक्सियोला ते भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून गेले. तिथे समुद्र, डोंगर, शिंपले, वनस्पती बघून गणित मागे पडायला लागलं. मोकें-तांदों नावाचे एक नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्याकडे पाहुणे म्हणून राहिले होते. जाताना त्यांनी घरातल्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणि सुया मागून घेतल्या, ताटलीत पाणी घेतलं आणि एका गोगलगायीचं विच्छेदन करून दाखवलं. जीवशास्त्राचा असा धडा फाब्रांना आयुष्यात तो एकच मिळाला. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः.

मलेरियाने हैराण होऊन १८५३ मध्ये ते बेट सोडून आव्हिन्योंच्या सरकारी शाळेत आले. पगार १६०० फ्रँक. तिथे त्यांनी १८७० पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं शिकवलं, आणि या सतरा वर्षांत ना बढती मिळाली ना पगारवाढ.

आता माझ्या मडक्याचा प्रश्न. एके रात्री फाब्रांच्या हाती लेओं द्युफूर या ज्येष्ठ कीटकतज्ज्ञांचा निबंध पडला. एक जातीची गांधीलमाशी जमिनीतल्या बिळात भुंगेरे साठवते आणि ते आठवडे उलटले तरी ताजे राहतात, असं त्यात होतं. द्युफूर यांचं म्हणणं, की भुंगेरे मेलेले असतात आणि माशी त्यांच्यात न कुजण्याचं काहीतरी औषध टोचते. फाब्रांनी तशाच दुसऱ्या एका माशीची बिळं उकरली. ती सोंड्या भुंगेरे साठवायची. भुंगेरे काढून बघितले तर त्यांचे सांधे लवचीक, आणि ते चक्क विष्ठाही टाकत होते. मेलेला किडा हे करणार नाही. त्यांनी विजेचा प्रवाह देऊन बघितला तर पाय हलले.

मग त्यांनी माशीला फसवलं. बिळाच्या तोंडाशी तिचा भुंगेरा काढून घेतला आणि त्या जागी जिवंत ठेवला. माशीने भुंगेऱ्याला पकडून छातीखालच्या सांध्यात डंख मारला आणि भुंगेरा जागच्या जागी थंड! फाब्रांनी भुंगेऱ्याची शरीररचना तपासली. पाय हलवणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी तिथेच होत्या, एकमेकींना लागून. शेवटी त्यांनी टाकाच्या निबेने अमोनियाचा थेंब नेमका त्याच जागी टोचला, आणि माशीने केलेलं काम स्वतःच्या हाताने करून दाखवलं. भुंगेरा मरत नाही, लुळा पडतो. माशीच्या अळीला ताजं अन्न मिळतं आणि ते पळूनही जात नाही. हा निबंध १८५५ मध्ये छापून आला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिलं. डार्विनने आपल्या ग्रंथात त्यांच्या निरीक्षणाची मोठी वाखाणणी केली.

विचार करा, साधनं काय होती? भिंग, काडी, बॅटरी, टाकाची निब. आमच्या लॅबमध्ये याहून जास्त सामान कपाटात कुलूप लावून ठेवलेलं असतं!

१८६५ मध्ये लुई पाश्चर आव्हिन्योंला त्यांच्या घरी आले. रेशमाच्या किड्यांवर साथ आली होती आणि सरकारने पाश्चरना उपाय शोधायला पाठवलं होतं. फाब्रांनी त्यांच्या हातात कोश ठेवला. पाश्चरनी तो कानाशी नेऊन हलवला आणि आत काहीतरी आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं. रेशमाचा किडा वाचवायला आलेल्या माणसाला कोशाच्या आत काय असतं हे माहीत नव्हतं! फाब्र चकित झाले, पण हसले नाहीत. याच पाश्चरनी पुढे तो रोग कसा रोखायचा हे शोधून काढलं. काही माहीत नसताना कोऱ्या डोळ्यांनी सुरुवात करता येते, हा धडा फाब्रांनी त्या भेटीतून घेतला आणि जन्मभर पाळला. चार विषय राहिलेल्या मुलीला हे वाचून किती बरं वाटलं असेल ते सांगायला नको.

पण आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी तीनदा वाचली. फाब्रांना विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं होतं. डॉक्टरेट होती, नाव होतं. पण एका अधिकाऱ्याने त्यांना मित्रत्वाने समजावलं, की घरचा पैसा असल्याशिवाय त्या पदावर निभाव लागणार नाही. तेव्हा पैसा उभा करायचं फाब्रांनी ठरवलं. त्या भागात मंजिष्ठाच्या जातीची एक वनस्पती शेतात लावायचे आणि तिच्या मुळांपासून लाल रंग काढायचे. फ्रेंच सैन्याच्या लाल विजारी त्याच रंगाच्या. मुळांतला शुद्ध रंग, म्हणजे अलिझरीन, कमी खटपटीत वेगळा करायची रीत फाब्रांनी शोधली. १८६० च्या सुमारास पेटंटं घेतली. पुढची कित्येक वर्षं शाळा सुटली की रंगाच्या पिंपांमध्ये हात. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई त्यांना भेटायला आले तेव्हा फाब्रांचे हात मनगटांपर्यंत लाल होते.

रीत यशस्वी झाली, कारखान्यात चालू लागली, आणि १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थातून अलिझरीन प्रयोगशाळेत बनवलं. वर्षभरात त्याचं उत्पादनाचं तंत्र तयार झालं. मुळांपासूनचा रंग महाग ठरला, शेतं बसली, आणि फाब्रांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. प्रोसेस बरोबर होती, फक्त जग पुढे निघून गेलं होतं. आपण इंजिनिअरिंगवाले दुसऱ्याच्या नोकऱ्या मशीनने घालवतो तेव्हा त्याला प्रगती म्हणतो. पिंपाच्या बाजूने ती गोष्ट कशी दिसते हे मला या माणसाने दाखवलं.

संकटं एकटी येत नाहीत म्हणतात ते खरंच. द्युरुईंना मुलींचं शिक्षण वाढवायचं होतं. त्यांच्या धोरणाला धरून फाब्र आव्हिन्योंमध्ये मोफत विज्ञानवर्ग घ्यायचे. सगळ्या थरांतले लोक यायचे आणि मुलीही यायच्या. या वर्गात त्यांनी फुलात फळ कसं धरतं, पराग कुठून कुठे जातो, हे शिकवलं. झालं! मुलींना असलं काही शिकवतात म्हणून गावातल्या सनातनी मंडळींनी गहजब केला. द्युरुईंचं मंत्रिपद १८६९ मध्येच गेलं होतं, त्यामुळे पाठीशी कोणी नव्हतं. फाब्रांच्या घरमालकिणीही भाविक. त्यांनी महिन्याभरात घर खाली करायला सांगितलं. भाडेकरार लेखी नव्हता. नोकरी सोडली, घर गेलं, पाच मुलं पदरात, आणि पॅरिसला युद्धामुळे वेढा पडलेला, त्यामुळे पुस्तकांचे पैसेही येईनात.

मी मेकॅनिकलला आहे. आमच्या वर्गात मुली मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. मुलींनी हे शिकून काय करायचं हा प्रश्न मी अजून ऐकते, अगदी नातेवाइकांकडूनसुद्धा. पण मुलींना फूल समजावून सांगितलं म्हणून कोणाचं घर गेलं असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या वेळी धावून आले ते जॉन स्टुअर्ट मिल. तेच, स्वातंत्र्यावर आणि स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारे इंग्रज तत्त्वज्ञ. त्यांची पत्नी आव्हिन्योंत वारली होती आणि तिच्या कबरीजवळ राहता यावं म्हणून त्यांनी तिथेच घर घेतलं होतं. मिलना वनस्पतींचा नाद. त्या जिल्ह्यातल्या वनस्पतींची समग्र नोंद करायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि त्यासाठी ते माळ तुडवायचे. मिलनी कुठलाही कागद न करता ३००० फ्रँक पाठवले. फाब्र ओरांज गावी गेले, मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहायला बसले आणि त्या कमाईतून ते सगळे पैसे फेडले. वनस्पतींचं काम मात्र १८७३ मध्ये मिलच्या निधनाने राहून गेलं.

ओरांजला आणखी एक घाव बसायचा होता. मुलगा झ्यूल हा त्यांचा खरा सहकारी. फुलं ओळखणारा, किडे शोधून आणणारा. १८७७ मध्ये, ऐन सोळाव्या वर्षाच्या आसपास, तो गेला. फाब्रांनी तीन गांधीलमाश्यांच्या जातींना त्याचं नाव दिलं. जातीला नाव देणं म्हणजे पुस्तकी काम असं मला वाटायचं. एखादा बाप मुलाचं नाव जिवंत ठेवायला गांधीलमाशी निवडेल, हे कुठल्या ॲपमध्ये लिहिलेलं नसतं.

१८७९ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, पुस्तकांच्या पैशातून त्यांनी सेरिन्यां गावाजवळ एक घर आणि साधारण हेक्टरभर जमीन घेतली. त्या भागात पडीक, दगडाळ माळाला आर्मास म्हणतात, तेच त्या जागेचं नाव पडलं. कोणी सलगमाचं बीसुद्धा टाकणार नाही अशी जमीन. नुसतं काटेरी रान. पण ते काटेच फाब्रांना हवे होते, कारण त्यांच्या फुलांवर माश्या येतात. भोवती भिंत, आत तण, आणि ते उपटायला कोणी येणार नाही. अशा जागेसाठी त्यांनी चाळीस वर्षं वाट बघितली होती. त्याच वर्षी त्यांच्या कीटक-आठवणींचा पहिला खंड निघाला. दहावा निघाला १९०७ मध्ये. लिहायचं टेबल इतकं छोटं होतं, की आपल्या हॉस्टेलचं टेबल त्यापुढे मोठं वाटेल.

त्या दहा खंडांत काय आहे? उदाहरण देते. एक गांधीलमाशी रातकिडा पकडून बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत जाऊन तपासणी करते आणि मग त्याला ओढून नेते. ती आत असताना फाब्र रातकिडा थोडा लांब सरकवायचे. माशी बाहेर यायची, त्याला परत तोंडाशी आणायची आणि पुन्हा तपासणीला आत. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच. चाळीस वेळा! प्रोग्रॅमिंगमध्ये लूप शिकताना सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर माझा तो विषय नक्की निघाला असता. १८९६ च्या जानेवारीत एकामागोमाग चालणाऱ्या सुरवंटांची रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. फाब्रांनी गोल पूर्ण होताच बाकीचे सुरवंट आणि परतीचा माग पुसून टाकला. सुरवंट सात दिवस त्याच वर्तुळात फिरत राहिले, अन्न हातभर अंतरावर असताना.

आणि तो मे महिन्यातला प्रसंग. मोठ्या मोरपतंगाची एक मादी सकाळी कोशातून निघाली, फाब्रांनी तिला जाळीखाली ठेवलं. रात्री धाकटा मुलगा ओरडत आला, की खोली पक्ष्यांएवढ्या पतंगांनी भरलीय. अंधारातून जवळपास चाळीस नर आले होते. पुढे अनेक वर्षं प्रयोग करून फाब्र या निष्कर्षाला आले, की माणसाला न जाणवणारा काहीतरी वास त्यांना ओढून आणतो. १९५९ मध्ये रेशमाच्या पतंगापासून असा पहिला पदार्थ वेगळा काढला गेला. आज त्याला फेरोमोन म्हणतात. आजोबांच्या बागेत फळमाशीसाठी जे सापळे टांगलेले असतात, तेही अशाच वासाच्या तत्त्वावर चालतात. सापळ्याखालून मी रोज जात होते, पण वर बघितलं नव्हतं.

फाब्र चुकलेही. सिकाडा ऐकू शकत नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी गावच्या उत्सवातल्या दोन तोफा झाडाखाली उडवल्या. सिकाडा गातच राहिले, म्हणून फाब्रांनी त्यांना बहिरे ठरवलं. प्रत्यक्षात सिकाडांना ऐकू येतं, फक्त त्यांच्या कामाचा आवाज वेगळा असतो. उत्क्रांतीचा सिद्धान्त त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. तरीही डार्विनने पत्रातून सुचवलेला प्रयोग त्यांनी मन लावून केला. माश्यांना दूर नेताना डबा गरागरा फिरवला तर त्या दिशा विसरतात का? नाही विसरत. कितीतरी माश्या घरी परत आल्या. मत पटत नसलं तरी प्रयोग टाळायचा नाही, हे मला फार आवडलं. आणि गांधीलमाशीचा डंख दर वेळी अचूक असतो हा त्यांचा भरही नंतर सैल पडला. अमेरिकेतल्या पेकहॅम दांपत्याने १८९८ मध्ये दाखवलं, की काही अळ्या डंखाने मरतातही, आणि माशीची अळी त्याही खाते.

पहिली पत्नी वारल्यावर फाब्रांनी दुसरं लग्न केलं होतं. त्यातला मुलगा पोल याने पुढे कॅमेरा घेतला. त्याने काढलेले किड्यांचे फोटो वडिलांच्या ग्रंथाच्या सचित्र आवृत्तीत छापले गेले. वजनदार कॅमेरा, काचेच्या प्लेटा, आणि स्थिर न बसणारा किडा! माझ्यासारखे वीस फोटो धडाधड काढून एकोणीस डिलीट करायची सोय नव्हती. आधी किडा काय करणार हे कळायला हवं, मग फोटो. स्वतः फाब्रांनी भूछत्रांची सहाशेहून जास्त जलरंगातली चित्रं काढली. आणि हो, प्रोव्हांसच्या बोलीभाषेत कविताही केल्या. तिथल्या कवीमंडळींनी त्यांना किड्यांचा कवी अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

म्हातारपणी पुस्तकं खपेनात. हलाखी इतकी आली, की कवी मिस्त्राल यांनी खटपट केली. १९१० मध्ये चाहत्यांनी आर्मासमध्ये त्यांचा सत्कार केला तेव्हा कित्येकांना हा माणूस जिवंत आहे हेच माहीत नव्हतं. मग एकदम सगळं आलं. पेन्शन, पुतळे, पुस्तकांचा खप. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वांकारे भेटायला आले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ९१ व्या वर्षी, आर्मासमध्येच फाब्र गेले. १९२२ मध्ये ती जागा सरकारने घेतली आणि आज तिथे संग्रहालय आहे.

आता शेवटची गोष्ट. फाब्रांनी कुंभारणीच्या मडक्यावरही लिहिलंय. त्यांनी मडकं फोडलं नाही. त्याला बाजूने बारीक खिडकी पाडली आणि आत बघितलं. अर्धवट जिवंत अळ्यांनी वळवळून चिरडू नये म्हणून अंडं छताला एका बारीक धाग्याने टांगलेलं असतं. ते वाचलं आणि मला माझी हेअरपिन आठवली. मी पाच अळ्या मोजल्या होत्या, फोटो काढले होते, पण अंडं बघितलंच नव्हतं. ते माझ्याच हाताने चिरडलं गेलं असणार.

आठवड्याने त्याच भिंतीवर दुसरं मडकं झालं. या वेळी मी हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ समोर दगडावर बसून वहीत लिहिलं, किती वाजता आली, माती कुठून आणली, किती फेऱ्या. तिसऱ्या दिवसापासून आजोबाही शेजारी बसायला लागले. गडग्याच्या कडेचं तण त्या वर्षी त्यांनी काढलं नाही, एकदांडी तशीच फुलू दिली.

मी पुण्याला परत आले तेव्हा मडकं बंदच होतं. परीक्षेच्या फॉर्मच्या रांगेत उभी असताना आजोबांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. मडक्याला भोक पडलंय, कोणीतरी बाहेर पडून गेलंय, एवढंच सांगितलं आणि तारीख लिहून ठेवली आहे म्हणाले.

चारपैकी तीन विषय निघाले. चौथ्याचं अजून बघतेय. मित्रांनो, सुट्टीत बागेत, टेकडीवर, कॉलेजच्या कंपाउंडलगतच्या गवतात कुठेही जा, फोटो जरूर काढा, नावही शोधा. फक्त नाव मिळाल्यावर लगेच उठू नका. अजून पाच मिनिटं बसा.